बावीस काड्या

इंदिरानगर, नाशिक
६ जून २०२५

प्रिय सुवर्णा,

तू कायमची परत येते आहेस, ही बातमी तुझ्या भावानं मला जेवताना दिली. आमटीत मीठ कमी आहे हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. एकतीस वर्षांनी सख्खी बहीण ऑस्ट्रेलियातून घरी येणार, आणि सोमनाथरावांचं पुढचं वाक्य काय, तर "मागची खोली रिकामी करावी लागेल, तिच्यात कांद्याच्या जाळीच्या गोण्या आहेत." नाशिकात फ्लॅट घेतला तरी माणूस सटाण्याचाच राहतो.

पत्र नेहमीसारखं हातानं लिहून, फोटो काढून पाठवते आहे. हर्षल म्हणतो, "आई, आत्याला सरळ फोन कर ना." त्याला कसं समजावू? देवळालीच्या बोर्डिंगात दर रविवारी सिस्टर आपल्याला पत्रं लिहायला बसवायच्या आणि स्वतः वाचून मगच पाकीट बंद करू द्यायच्या. खरं लिहायला आपण तिथे शिकलो आणि लपवायलाही तिथेच. मला फोनवर दोन्ही जमत नाही.

आता नीट ऐक. परदेशातून परतलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्याच सोसायटीत तिघे आहेत. नळाच्या पाण्याकडे साप पाहावा तसे बघतात. "आमच्याकडे असं नसतं" म्हणतात, आणि आमच्याकडे म्हणजे नेमकं कुणीकडे ते त्यांनाही सांगता येत नाही. तू तशी येऊ नकोस. ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट हातातल्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको. पासपोर्ट नवा काढला असशील तर त्याची प्रत आणि फोटो त्यांच्या संकेतस्थळावर चढव, नाहीतर काउंटरवर उभी राहशील. गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेव. आणि विमानात एखादी म्हातारी "ताई, माझी पिशवी जरा धरा" म्हणाली, तर धरू नकोस. तू धरशील, म्हणून सांगते.

एक काम आहे. हर्षलचं. त्याची गावाकडची द्राक्षबाग जुन्या जातीची आहे, पावसाचे चार थेंब पडले की मणी तडकतात. दोन हंगाम हातचे गेले. तुझ्या शेजाऱ्याच्या बागेत ती लांब मण्यांची, काळी, बिनबियांची जात आहे ना, जिचे फोटो तू मोठ्या हौसेनं पाठवतेस? तुमच्याकडे जुलैत छाटणी असते. छाटलेल्या काड्या ते तसेही जाळतात. त्यातल्या वीस-बावीस, पेन्सिलीएवढ्या जाड, ओल्या कागदात गुंडाळून कपड्यांच्या घड्यांत घालून आण. ऑगस्टमध्ये इथे कलम भरतील. हे जमलं नाही तर तो बाग काढून टाकणार आणि पुण्याला कुठल्याशा गोदामात सुपरवायझर होणार. आपल्या सूनबाई पूजाचं आणि त्याचं तसं ठरलंसुद्धा आहे.

तुझी बॅग कोण उघडणार? साठीच्या बाईच्या बॅगेत साड्या असतात, असंच सगळं जग धरून चालतं.

तुझी,
शकू

*

मिल्ड्यूरा
११ जून २०२५

प्रिय शकू,

मैत्रीण म्हणून लिहू की वहिनीसाहेब म्हणून? मीच तुला बोर्डिंगातून उचलून आमच्या घरात आणलं, त्यामुळे तुझे उपदेश ऐकणं हे माझ्याच कर्माचं फळ आहे.

सरहद्द कशी ओलांडावी हे मला तू शिकवणार? नऊ वर्षांपूर्वी तू इथे आलीस तेव्हाचं विसरलीस वाटतं. विमानात जो कागद भरायचा असतो, त्यावर तू सगळीकडे "नाही" अशी खूण केलीस. खाण्याचे पदार्थ नाहीत, बिया नाहीत, झाडाचा कुठलाही भाग नाही. मग ते छोटं तपकिरी कुत्रं आलं आणि तुझ्या बॅगेपाशी शांतपणे बसलं. मेथीचे लाडू, कैरीचं लोणचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेवग्याच्या शेंगा. आणि तू, सिस्टरांनी घासून घासून शिकवलेल्या इंग्रजीत त्या साहेबाला म्हणालीस, हा देवाचा प्रसाद आहे. शेवग्याच्या शेंगा! मी काचेपलीकडून बघत होते. लाजेनं मरायचं की हसून मरायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते कुत्रं मात्र माझ्या ओळखीतल्या बऱ्याच माणसांपेक्षा शहाणं होतं.

काड्या मी आणणार नाही. तुम्हा सगळ्यांची स्मरणशक्ती कुठे गेली? आपल्या गावातली डाळिंबं कशी गेली? तेल्यानं. पानांवर तेलकट डाग, मग फळांना भेगा, मग दोन वर्षांत गावात एक झाड उभं राहिलं नाही. आणि तो रोग आला कुठून? गोरक्षनं, आपल्याच चुलत भावानं, रोपवाटिका चालावी म्हणून चोरून बाहेरची रोपं आणली म्हणून. गावानं बंदी घातलेली असताना! मी इथे होते, पण आईचा तेव्हाचा फोन मला आठवतो. तिच्या मागे जेसीबीचा आवाज येत होता. वीस वर्षांची झाडं उपटत होते.

आणि आता तिचा नातू मला सांगतो, आत्या, तू तेच कर, फक्त विमानानं कर.

शेजारी भला माणूस आहे. ती जात त्याचीसुद्धा नाही, करारावर लावली आहे. काडी कुणाला देऊ नये असं त्यानं लिहून दिलं आहे. तो काड्या जाळतो ते काही निरुपयोगी म्हणून नाही. हर्षलला म्हणावं, कागदपत्रांनिशी मागव. वेळ लागतो. लागू दे.

बाकी यादी पाठव: बदाम, चॉकलेटं, अंगाला लावायचं मलम. तुम्हाला नाशिकात हे सगळं मिळतं, हे मला ठाऊक आहे. तरी आणीन.

तुझी,
सुवर्णा

*

इंदिरानगर, नाशिक
१९ जून २०२५

प्रिय सुवर्णा,

पत्र वाचलं. फार सुंदर अक्षर आहे तुझं अजून. तिकडे राहून नियमांवर तुझं प्रेम बसलंय, बसू दे. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारी माणसं आहात तुम्ही. पण कधी हा विचार केलास का, की नियम पाळायला पोट भरलेलं लागतं?

गावातल्या तिघांनी बाहेरून काड्या आणल्यात. एकानं दुबईवरून, एकानं देवाला ठाऊक कुठून. त्यांच्या बागा बघून ये. काही झालं नाही कुणाला.

आणि गोरक्षभाऊजींचं नाव कशाला काढलंस मध्येच? सतरा वर्षं झाली, ते मालेगावला लेकीकडे राहतात. म्हातारे झाले. राहू दे त्यांना.

मागच्या रविवारी आम्ही गावी गेलो होतो. पूजा भाकरी करत होती, हर्षल उंबऱ्यात बसून बूट काढत होता. ती म्हणाली, "आत्यांनी नाही म्हटलं ना? मी तुम्हाला सांगितलंच होतं. त्यांना इथं फक्त आठवणी काढायला यायचंय." तो म्हणाला, "गप बस. ती माझी आत्या हाय." ती म्हणाली, "हाय ना. मग पुण्याला भाड्याच्या खोलीत तिला गेस्टरूम दाखव." यावर तो हसला. असं हसला की मला तिथून उठावं लागलं.

तुला यायचं आहे, ये. घर तुझंच आहे. पण एकतीस वर्षांनी घरी येताना, घर कशानं टिकेल एवढं तरी माणूस विचारतं.

तुझी,
शकू

*

मिल्ड्यूरा
३ ऑगस्ट २०२५

प्रिय शकू,

सहा आठवडे मी लिहिलं नाही आणि तूही नाही. अबोला धरायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बोर्डिंगात एकदा साबणाच्या वडीवरून पूर्ण सत्र धरला होता.

हर्षल पूर्वी दर शनिवारी फोन करायचा. तेही बंद झालं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा एक आवाजी निरोप आला. काड्यांबद्दल अक्षर नाही. म्हणाला, "आत्या, तू येशील तेव्हा मी विमानतळावर गाडी घेऊन येतो. नंतर मग मला सुट्टी मिळेल का नाय माहीत नाही, नवी नोकरी असणार." एवढंच. मागे चिमण्या ओरडत होत्या, आपल्या खळ्यातल्या. मी तो निरोप किती वेळा ऐकला ते सांगत नाही, तू चेष्टा करशील.

तर घ्या. मी काड्या घेतल्या. शेजाऱ्याची छाटणी संपली, ढीग कुंपणाला लावून ठेवला होता. कुत्र्याला फिरवायला जाते तशी गेले आणि स्वेटरखाली लपवून आणल्या. बासष्टाव्या वर्षी! त्यानं पलीकडून हात हलवला, मीही हलवला. त्यानंतर दोन दिवस त्याच्या बायकोनं दिलेला केक फ्रीजमध्ये तसाच पडून होता. बावीस आहेत. ओल्या टॉवेलात, मग प्लास्टिकात, मग दोन परकरांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवल्या आहेत. ही बॅग भरताना मी स्वतःची जेवढी किंमत केली, तेवढी माझ्या शत्रूनंही केली नसती.

पण पोरगं गावात राहील. आईच्या घराला कुलूप लागणार नाही. मी कुठे परत येते आहे, असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी उरेल.

मंगळवारी सकाळी निघते. बुधवारी मुंबई. हर्षललाही कळवलं आहे. आता तरी खूश हो.

तुझी,
सुवर्णा

*

इंदिरानगर, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

सुवर्णा,

बॅग बंद करण्याआधी हे वाच. बंद केली असशील तर उघड.

तुझं पत्र वाचून मी खूश व्हायला हवं होतं. "ओल्या टॉवेलात" या शब्दांपाशी अडकले आणि पुढे वाचवेना. जे मी जन्मभर कुणाला लिहिलं नाही ते आता लिहिते. सिस्टर नाहीत, त्यामुळे वाचणारी तू एकटीच.

२००६ साली गावानं बंदी घातली, की बाहेरचं रोप, गुटी, काडी गावच्या शिवेच्या आत येता कामा नये. दुसऱ्या जिल्ह्यात तेल्या पसरला होता. फाट्यावर मंगळू आणि आणखी एक जण पाळीनं बसायचे, टेम्पो उघडायचे, एसटीत चढून पिशव्या बघायचे. त्या मार्चमध्ये मी सोलापूरकडे थोरल्या ताईकडे गेले होते. तिच्या दारात डाळिंब होतं, असं लालभडक, की आपल्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. निघताना तिनं माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. आणि मी मागितल्या म्हणून त्या नारळाखाली वितभर लांबीच्या तीन काड्या, ओल्या फडक्यात.

फाट्यावर मंगळू गाडीत चढला. "वहिनी, काही रोपं-बिपं?" मी म्हटलं, "नाही रे, ताईनं ओटी भरलीय." तो पटकन मागे सरकला. ओटीला हात कोण लावणार? त्यानं तर लांबून नमस्कार केला.

का आणल्या, हे तुला कळेल. तुझी आई सगळ्या बायकांसमोर म्हणायची, "कॉन्व्हेंटची सून आमची. हिच्या माहेरी शेती म्हणजे कुंडीतली तुळस." नवसाबाईंच्या शब्दाला वाईट म्हणत नाही मी आता. पण तेव्हा मला वाटलं, परसात असं झाड लावीन आणि एक दिवस ताटलीत फळ फोडून समोर ठेवीन. काड्या मोरीच्या पाण्यावर लावल्या. दोन फुटल्या. पहिल्या पावसातच त्यांच्या पानांवर तेलकट डाग आले. मी त्या उपटल्या, पाणी तापवायच्या चुलीत घातल्या आणि कुणाला काही बोलले नाही. पुढच्या पावसाळ्यात आपल्या बागेत डाग दिसले. मग गोरक्षभाऊजींच्या. मग सगळ्यांच्या.

रोग माझ्याच काड्यांतून आला, असं छातीठोक कोण सांगणार? वाऱ्यानं आला असेल, कुणाच्या कात्रीनं आला असेल. पण बंदीनंतर शिवेच्या आत बाहेरचं काही मी आणलं आणि पहिला डाग माझ्या परसात पडला. हे मला माहीत होतं, आणि भर ग्रामसभेत जेव्हा भाऊजींना उभं केलं, तेव्हाही माहीत होतं. रोपवाटिका त्यांची, म्हणून पाप त्यांचं. ते एवढंच म्हणाले, मी आणलं नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. मी बायकांच्या घोळक्यात बसून पदर नीट करत होते.

मग मी तुला काड्या आणायला का लिहिलं, विचारशील. कारण पोराचा चेहरा. आणि कारण इतकी वर्षं न बोलता राहिलं की ते घडलंच नाही असं वाटू लागतं. तू लिहिलंस तेव्हा ते पुन्हा घडलं.

आणू नकोस. मी गावी जाते आहे. फ्लॅटची किल्ली शेजारच्या वेदिकाकडे ठेवली आहे. तुझ्यासमोर यायची माझी तयारी नाही.

शकू

*

इंदिरानगर, नाशिक
१० ऑगस्ट २०२५

शकू,

तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलावर बसून लिहिते आहे. मागच्या खोलीत गोण्या अजून आहेत. मी त्यांच्याशेजारी झोपते.

तुझं पत्र मी मेलबर्नच्या विमानतळावर वाचलं, बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, परत मिळेल का? ती गोड हसून म्हणाली, आता थेट मुंबईत. मग सगळा प्रवास मी त्या विमानाच्या पोटातल्या बॅगेवर बसून केला म्हण.

मुंबईत ओसीआय दाखवलं, शिक्का झाला, बॅग आली. पुढे दोन वाटा, हिरवी आणि लाल. हिरवीकडे सगळी गर्दी, लाल बाजूला कुणी नाही. मी लालकडे वळले, तर मागचे एक गृहस्थ, येवल्याचे, विमानात ओळख झाली होती, ओरडले, "ताई, चुकलात! इकडून!" मी त्यांना जवळ बोलावून सांगितलं, माझ्याकडे काड्या आहेत. ते माझ्याकडे अशा दयेनं बघायला लागले! "अहो, समिधा म्हणा. होमाच्या समिधा. एवढी शिकलेली बाई तुम्ही." त्या क्षणी मला तुझा प्रसाद आठवला, आपल्या लोकांना कुठल्याही सरहद्दीवर देव बरा आठवतो. आणि शकू, त्यांचं चूक नव्हतं. मी समिधा म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं. मी तशीच दिसते.

अधिकारी तरुण होता. म्हणाला, "मॅडम, स्वतःहून आलात?" मी म्हटलं, "हो, पण उशिरा." त्यानं झाडपाल्याची तपासणी करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी हातमोजे घालून परकर उलगडले. माझे परकर! बावीस काड्या मोजल्या, पिशवीत घालून मोहोर लावली, अर्ज भरून घेतला. या नष्ट करणार, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्यासमोर करा. त्या म्हणाल्या, तसा नियम नाही. सही करून बाहेर यायला तीन तास लागले.

हर्षल कठड्याला टेकून उभा होता. वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि पहिलं वाक्य, "आत्या, डोळे जिवंत हायेत ना काड्यांचे?"

"काड्या नाहीत. जमा केल्या."

"कुठं?"

"सरकारकडे."

त्याला गंमत वाटली, हसला. मग विचारलं, "पकडलं?"

"नाही. मीच दिल्या."

कसारा घाट चढून आल्यावर त्यानं इगतपुरीला गाडी थांबवून चहा घेतला. एकच. मला विचारलं नाही. मग म्हणाला, "तिकडं राहून तिकडचीच झालीस तू. राहायचं होतं मग तिकडंच." आणि घोटीच्या पुढे आल्यावर, "तुझ्यावाचून अडत नाय काही. पिंपळगावचा एक जण पुढच्या रविवारी काड्या आणून देतोय. सतराला."

काल राखी पौर्णिमा होती. एकतीस वर्षं मी पाकिटातून राखी पाठवली. या वर्षी हातानं बांधायची म्हणून चांदीची घेतली होती. सोमनाथ गावाहून आला नाही. फोनवर म्हणाला, "पाऊस आहे." इथे ऊन पडलं होतं.

मी हर्षलला काही सांगितलं नाही. ते तुझं आहे, मी उघडणार नाही. तो मला भित्री म्हणतो, परकी म्हणतो, म्हणू दे. पण शकू, मी तुझ्यावर चिडले आहे, आणि इतकी की पहिल्या दिवशी मी तुझ्या डब्यातली चहाची पूडसुद्धा वापरली नाही, खाली जाऊन विकत आणली. रोगासाठी नाही चिडले. त्या काड्या मीही परकरात घातल्याच होत्या, तुझ्याहून मी कुठे मोठी? मी चिडले ती तू पदर नीट करत बसलीस त्याच्यासाठी. अकरा जूनच्या पत्रात मी गोरक्षला चोर लिहिलं, आणि तू मला उत्तर दिलंस, "राहू दे त्यांना." किती मोठ्या मनाचं वाक्य!

रविवारी पिंपळगावच्या काड्या येतील. मी अडवायला गेले तर मला घराबाहेर काढतील. तुझं ऐकतील. सात दिवस आहेत.

सुवर्णा

*

गावाहून
१३ ऑगस्ट २०२५

प्रिय सुवर्णा,

सांगितलं.

सोमवारी दुपारी हर्षल पडवीत फवारणीचा पंप खोलून बसला होता, सोमनाथ सुपारी कातरत होते. मी उभी राहूनच सगळं सांगितलं, फाट्यावरच्या मंगळूसकट. हर्षल आधी म्हणाला, "तीन काड्यांनी काय होतंय, आई." मग थोड्या वेळानं, "डाग किती दिवसांनी दिसले?" मी म्हटलं, तीन महिन्यांनी. "पानाच्या कडेला का मध्ये?" मी सांगितलं. "पाण्याची मोरी कुठं जायची?" मी म्हटलं, आपल्याच बागेत. तो उठून बाहेर गेला. आला तेव्हा फोन कानाला होता. "नको. नको म्हटलं ना. नाय, स्वस्तात पण नको. जाळून टाका तुमच्याकडंच." मग पूजाला म्हणाला, "पुण्याचं बघू. आधी रीतसर कागद करून रोपं कधी मिळतात ते विचारतो."  पूजानं मला पाणी आणून दिलं, एवढं सांगते.

 संध्याकाळी सोमनाथ म्हणाले, "ग्रामसभेत गोरक्षविरुद्ध पहिला हात मी वर केला होता." मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "तुला माहीत होतं आणि तू मला हात वर करू दिलास." आमचं चाळीस वर्षांत एवढं मोठं बोलणं झालं नव्हतं.

काल हर्षल मला मालेगावला घेऊन गेला. भाऊजी बाजेवर बसले होते, फार वाळलेत. आमच्या जाऊबाई, लंकाबाई, बाजरी निवडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं नाही, चहाचं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं आणि पायांवर डोकं ठेवायला वाकले. भाऊजींनी पाय ओढून घेतले. म्हणाले, "वहिनी, मी आनं नही, हाई माले पहिलेपाईन ठावकं शे. माले सांगीसन काय फायदा? जेस्ले ठावकं नही, तेस्ले सांग."

लंकाबाई सुपात बघतच म्हणाल्या, "सतरा वरीस लागनात इले मालेगाव गाठाले. येस्टी तं दर तासले शे."

मी उठून चपला घातल्या. 

परवा पंधरा ऑगस्ट. झेंडा झाल्यावर ग्रामसभा असते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला मी तिथे उठून बोलणार आहे. सोमनाथ म्हणतात, मी येणार नाही. हर्षल येतो म्हणाला, पण त्याच्या तोंडाकडे बघून मला बोलता येणार नाही.  तू चिडलेलीच राहा. पण येशील का?

शकू

*

इंदिरानगर, नाशिक
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय शकू,

दुपारच्या सटाणा गाडीत बसते आहे. संध्याकाळी पोचेन. फाट्यावर कुणाला पाठवू नकोस, मला घरची वाट माहीत आहे.

तुझ्या फडताळातून दोन इस्त्रीच्या साड्या घेतल्या आहेत, एक तुझ्यासाठी. सुतकातल्यासारखं काहीतरी नेसून उभी राहशील आणि लोक तुझी कीव करत बसतील. ते नको. कीव करून घ्यायला आपण जात नाही आहोत.

मी बायकांत तुझ्याशेजारी बसेन. कुणी म्हणेल, जाऊ द्या वहिनी, जुनं झालं. कुणी वाईट बोलेल. मंगळू असेलच, तो बिचारा काय करेल कोण जाणे. तू मध्ये थांबू नकोस, रडू नकोस, आणि आई तुला काय म्हणायची ते तर मुळीच सांगू नकोस. सुरुवात स्वतःपासून करू नकोस. पहिलं नाव गोरक्षचं घे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि त्यानं काय केलं नव्हतं ते सांग. तुझं नंतर.

सुवर्णा